बांध कोरणारा माणूस अन् ढिगारा उपसणारा माणूस

(एका चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

तेरणाकाठ

विषय जुनाच आहे. माणूस मुळात क्रूर की एकमेकांला धरून राहणारा? पण मला तो पुस्तकातनं सुचला नाही, बांधावरनं सुचला.

आमच्या शेताच्या पूर्वेला आबांचं रान. आबा नात्यानं कुणी नाहीत, गावकीनं चुलते. दरवर्षी नांगरट झाली की बांध आमच्याकडं सरकलेला दिसतो. वर्षाला नांगराचं एक तास. कुणी बोललं तर म्हणणार, "औत वळताना जरा आत आलं असंल." मागच्या उन्हाळ्यात मी टेप लावून बघितला. बांध नऊ फूट आमच्यात आलाय. जुनी हद्दीवरची बाभूळ आता चक्क त्यांच्या रानात उभी आहे अन् तिच्या शेंगा त्यांच्या शेळ्या खातात.

आता दुसरी गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३. मी अकरा वर्षांचा. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळं गाव उशिरा झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं हादरलं. किल्लारीपासून आमचं जुनं गाव सातआठ किलोमीटर. घर माळवदाचं. अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं ते त्या मातीमुळं, अन् माणसं गेली तीही त्याच मातीखाली. आम्ही पोरं अंगणात झोपलेलो म्हणून वाचलो. आजी आत होती.

आबांचंही घर बसलं होतं. त्यांचा थोरला मुलगा आत. ते आमच्या ढिगाऱ्यावर आले, कारण आमच्या ढिगाऱ्यातून आवाज येत होता अन् त्यांच्या येत नव्हता. खोरं घेतलं नाही, आजीला लागंल म्हणून. हातानंच माती ओढली. नखं गेली. उजाडता उजाडता आजी निघाली, तोंडात माती, पण जित्ती. पुढं चौदा वर्षं जगली, माझ्या लग्नात तिनं पाटावर बसून हुकूम सोडले. आबांचा मुलगा दुपारी सापडला.

तर मोजणीचा अर्ज माझ्या पुढ्यात आहे अन् हात चालत नाही. आई म्हणते, त्यानं आजी दिली, तू नऊ फूट दे. भाऊ म्हणतो, नऊ फूट गुणिले बांधाची लांबी, आजच्या भावानं हिशोब कर अन् मग बोल. ह्या माणसाला नेमकं काय म्हणायचं?

बालाघाट

भाऊ, आजीचा परिच्छेद दोनदा वाचला.

हा वाद तीनेकशे वर्षं तरी छापील चालू आहे. इंग्लंडातल्या यादवी युद्धाच्या काळातल्या हॉब्ज ह्या तत्त्ववेत्त्यानं १६५१ मध्ये लिहिलं की डोक्यावर धाक नसेल तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. १७५५ मध्ये रूसोनं उलटं मांडलं. त्याच्या मते ज्यानं पहिल्यांदा जमिनीला कुंपण घातलं तिथून बिघडलं. (म्हणजे तुमचा बांधच!) मला त्या दोघांपेक्षा क्रोपोटकिन जवळचा वाटतो. रशियाच्या सरदार घराण्यातला, १८६२ मध्ये सैन्यातला अधिकारी म्हणून सैबेरियात गेला. डार्विन वाचलेला, तेव्हा जनावरांची आपसातली झटापट दिसेल म्हणून बघत होता. दिसलं काय, तर बर्फात एकमेकांला चिकटून तगणारे कळप. जिथं निसर्ग वाईट तिथं एकेकटं कुणी टिकत नाही. डार्विननंही १८७१ मध्ये हे लिहिलंय की ज्या टोळीत एकमेकांसाठी झिजणारे जास्त, ती टोळी दुसरीला भारी पडते. लोक फक्त 'बळी तो कान पिळी' तेवढं उचलतात.

फक्त एक शंका. भूकंपाच्या पहाटे सगळेच आबा असतात. चौथ्या दिवशी काय होतं?

तेरणाकाठ

चौथ्या दिवशी पाऊस होता. रस्त्यावर बघ्यांच्या गाड्या, मदतीचे ट्रक त्यांच्यामागं अडकलेले. रस्त्याकडेच्या गावांना कपड्यांचे ढीग, आतल्या गावांना काहीच नाही. मयताच्या अंगावरचे डागदागिने काढून न्यायलेत अशी बोंब उठली, म्हणून बाप्ये रात्री ढिगाऱ्यावर पहाऱ्याला बसायचे. अन् कुठली कुठली पोरं, ज्यांची बोली आम्हाला कळत नव्हती, ती तोंडाला फडकं बांधून सरणं रचत होती. दोन्ही एकाच दिवशी.

पाणीपाळी

लातूर, २०१६. मी तेव्हा भाड्याच्या खोलीत, पोटुशी, तिसरा महिना. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. पाच माणसं पाण्याजवळ जमली तर गुन्हा! बाहेरच्यांना वाटलं लातूरकर एकमेकांचे गळे कापायलेत. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले. आमच्या गल्लीतलं कुणी बघितलं नाही, ते मी सांगते.

आमच्या गल्लीत घागरींवर ऑइलपेंटनं नंबर टाकलेले होते. माझा २३. रात्रीच घागरी रांगेत लावायच्या अन् घरी जाऊन झोपायचं. रिकामी घागर रात्रभर रस्त्यावर, कुणी हात लावत नव्हतं. एकदा कुणीतरी १७ नंबरची मागं सरकवली, तर चार बायकांनी मिळून ती परत जागेवर आणली, १७ वाली झोपलेलीच होती. तिला अजून माहीत नाही.

भांडणं झाली. माझ्या मनगटावर कळशीच्या काठाची खूण आहे. पण कधी झाली ते बघा. टँकर ठरल्या दिवशी यायचा तवर झाली नाहीत. मधे दोन आठवडे तो कधीही यायला लागला, कधी पहाटे, कधी दुपारी, एकदा आलाच नाही. त्या दोन आठवड्यांत नंबर मोडले, पाइप कापले, एका म्हाताऱ्याला ढकललं. ढकलणारी बाई कोण? १७ नंबरची घागर जागेवर आणणाऱ्या चौघींतली एक. मी नाव घेणार नाही, तिच्या पोरीच्या बारशाला जेवून आलेय.

अक्का परभणीकर

पाणीपाळी, तिसऱ्या महिन्यात कळशी उचलत होतीस होय गं? असो.

माझा दीड वर्षाचा नातू. हातातनं चिमटा पडला तर उचलून देतो, न सांगता. त्या वयाच्या लेकरांवर २००६ मध्ये असाच प्रयोग झालाय म्हणे, अनोळखी माणसाला पडलेली वस्तू उचलून देतात. तोच नातू मुंगळा दिसला की चिरडतो अन् हसतो. आता बोला. मला वाटतं आपेगावच्या माउलींनी ह्याचा निकाल केव्हाच लावलाय. खळांना मारा म्हटलं नाही, त्यांची व्यंकटी सांडो म्हटलं.

बालाघाट

अक्का, पसायदान येणार हे ठाऊक होतं. पण त्याच माउलींना अन् भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं, शुद्धिपत्रासाठी पैठणला हेलपाटे घालायला लावले, ते घालायला लावणारे तरी कोण? विद्वानच की.

जुना जाणता

मी देगलूरकडचा. वय सांगत नाही. ऐकलेलं लिहितो.

रझाकारांच्या काळात गाव रात्री रानात झोपायचं. लुटालूट, जाळपोळ, सगळं आमच्या घरानं सोसलं. मग सप्टेंबर १९४८, पुलिस ॲक्शन. निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत संपलं अन् मग उलट्या बाजूनं सुरू झालं. ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमान घरांवर लोक चालून गेले. सरकारनं धाडलेल्या सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात वाईट चार जिल्ह्यांत आमचा नांदेड, शेजारचा उस्मानाबाद, मग बीदर, गुलबर्गा. तो अहवाल पुढं कित्येक दशकं फायलीतच राहिला. आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, हे कुणी बोलत नाही.

आमच्या आजोबांनी विणकराचं एक घर, नवराबायको अन् तीन लेकरं, पेवात लपवलं. आजकालच्या पोरांना पेव माहीत नसंल. जमिनीत खणलेली ज्वारीची कोठी, वर फक्त माणूस जाईल एवढं तोंड. झाकण काढलं की लगेच उतरता येत नाही, आतली हवा मारते. आजोबांनी आधी दोरीला कंदील बांधून सोडला. विझला. पुन्हा वारं जाऊ दिलं, सुपानं हवा घातली, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा कंदील जळत राहिला तेव्हा लेकरं उतरवली. झाकणावर कडबा. चार रात्री. वाड्यापुढं जमाव आला तर आजोबांनी तुळशीवर हात ठेवून खोटी शपथ घेतली. ते माळकरी होते, खोटं कधी बोलत नसत.

म्हणून मी म्हणतो, माणूस चांगलाच. बिघडतो तो झुंडीत.

निळीशाई

जुना जाणता काका, आजोबांना नमस्कार. खरंच. पण एक विचारू? त्याच वाड्याच्या आडावर आमच्यासारख्यांना पोहरा टाकता येत होता का?

झुंडीत बिघडतो म्हणता. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला अन् मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगते, जाळायला आलेले परके नव्हते. रॉकेलचा डबा ज्याच्या हातात होता त्याच्याच रानात आजी खुरपायला जायची. त्याला ठाऊक होतं कुठल्या घरात दाणे आहेत, कुठल्या घराला मागं दार नाही. इथं वर सगळे म्हणायलेत की ओळख असली की माणूस माणसाला जपतो. आमचा अनुभव असा की ओळख असली की नेमकं कुठं पेटवायचं ते कळतं.

नाव बदलायला साडेपंधरा वर्षं लागली, १४ जानेवारी १९९४. म्हणजे भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी. माझे मामा भूकंपात मदतीला गेले होते, मयत उचलायला. पहिले दोन दिवस सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं. पत्र्याचे शेड उभे राहिले अन् पाण्याच्या टाक्या दोन झाल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप.

तेरणाकाठ, तुमच्या आबांबद्दल मला आदर आहे. पण ढिगाऱ्यातनं आवाज आमच्या वस्तीतनं आला असता तर?

जुना जाणता

नव्हता टाकता येत. वाड्यातला गडी वरनं ओतायचा. मी बघितलंय. तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, हे जास्त लागतं.

तेरणाकाठ

निळीशाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. आबांना विचारायची हिंमतही नाही.

मेंदूवाला

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं शाळेतलं.

मिलग्रॅमचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलाय. येल विद्यापीठ, १९६१. समोरच्या खोलीतल्या माणसाला विजेचा धक्का द्यायचा (खोटा, पण देणाऱ्याला खरा वाटणारा), चुकलं की वाढवायचा. प्रयोग घेणारा कोटवाला शेजारी उभा राहून "चालू ठेवा" म्हणतो. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. इथं लोक थांबतात अन् म्हणतात, बघा माणूस. पण त्यानं हाच प्रयोग बरेच फरक करून केला. एका फेरीत शेजारी आणखी दोन जण बसवले, आतून सांगून ठेवलेले, ते मधेच उठतात अन् म्हणतात आम्ही नाही करणार. त्या फेरीत शेवटपर्यंत गेले फक्त ४ जण. तोच कोटवाला, तीच खोली. निळीशाईंनी सांगितलेल्या रात्री गावातले असे दोघं उठले असते तर काय झालं असतं, हा माझा प्रश्न. उठले नाहीत, हे त्यांचं उत्तर असेल, अन् ते मला खोडता येत नाही.

दुसरा प्रयोग पाणीपाळी ताईंसाठी. शेरीफ नावाचा माणूस, १९५४, अमेरिकेतलं ओक्लाहोमा. अकरा-बारा वर्षांची २२ पोरं, दोन गट, सुट्टीचं शिबिर. स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली, तर आठवड्याभरात एकमेकांचे झेंडे जाळायला लागली. मग शिबिराचं पाणी बंद पाडलं, टाकीच्या नळात पोत्याचा तुकडा कोंबून. दोन्ही गटांनी मिळून तो काढला. असे दोन-चार प्रसंग आणल्यावर भांडण निवलं. हे शिकवतो सगळेच. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, त्यानं हाच खेळ दुसऱ्या पोरांवर केला होता, ते कमी जणांना माहीत असतं. ती पोरं आधी एकमेकांना भेटली होती, दोस्ती झाली होती. कितीही लावालावी केली तरी भांडेनात, उलट मोठ्यांवरच संशय घ्यायला लागली. प्रयोग गुंडाळावा लागला.

कोयता नंबर सात

बीड जिल्ह्यातला धारूर तालुका. आईबाप ऊसतोडीला, मी बीए होईपर्यंत दिवाळीनंतर गावात नसायचो. प्रयोग वगैरे कळत नाही, टोळीचं सांगतो.

कोयता म्हणजे नवराबायको जोडी. मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की पाच-सहा महिने फडात. एक दिवस नाही गेलं तर खाडा, उचलीतनं कापतात. माझ्या धाकट्या भावाचा जन्म फडातला. त्या दिवशी आई पडली तर बाकीच्या कोयत्यांनी आमच्या वाटच्या मोळ्या बांधून गाडी भरली, चार दिवस. कुणी हिशोब ठेवला नाही. ही एक बाजू.

दुसऱ्या साली एक जोडपं रात्री पळून गेलं. उचल अंगावर ठेवून. त्यांचा पत्ता मुकादमाला कुणी दिला? आमच्याच टोळीनं. का, तर ते नाही सापडले तर त्यांची उचल आमच्यावर वाटून पडणार. माझ्या बापानं सांगितला पत्ता. त्याच बाईनं बाळंतपणात आईच्या पोटाला शेक दिला होता.

आता सांगा क्रूर कोण? आमच्या जिल्ह्यात बायका गर्भाची पिशवी काढून घेतात, तिशीत. २०१९ मध्ये सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. डॉक्टर म्हणतो बाई मला म्हणाली. बाई म्हणते पाळीत खाडा पडतो. मुकादम म्हणतो मी काय सांगितलं का. कारखाना म्हणतो आमचा मजुराशी संबंध मुकादमामार्फत. एक माणूस दाखवा ज्याच्या तोंडावर क्रूरपणा आहे. सगळे चहा पाजणारे.

अक्का परभणीकर

हे वाचून आज काही सुचत नाही रे बाळा.

सोयाबीनवाला

धागा जड झाला. मी आपलं विहिरीचं बोलतो.

पणजोबानं खणलेली विहीर, चार भावांत सामाईक, सातबाऱ्यावर चार-चार आणे. मोट होती तवर भांडण नव्हतं, अन् ते काय देवमाणसं नव्हते. मोटेला चार बैल, एका घरी दोनच. एक हाकणारा, एक दारं धरणारा. चुलतभावाशी भांडलास तर तुझं पाणीच निघणार नाही. पाळी बदलायची ती सावली ठरल्या दगडावर आली की. मोटर आली तसं एकमेकांचं काम संपलं. मग लाईटनं घोळ केला. पाळी माझी अन् लाईट त्याच्या पाळीत! २००४ ला कुऱ्हाड निघाली. आता चौघांचे चार बोअर, माझा साडेसातशे फूट, भांडण नाही अन् बोलणंही नाही. विहिरीत पिंपळ उगवलाय.

१९६८ मध्ये हार्डिन नावाच्या माणसानं लिहिलं की सामाईक गोष्ट लोक ओरबाडून संपवणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी स्पेनचे पाट, स्वित्झर्लंडची कुरणं, नेपाळचे कालवे असल्या शेकडो ठिकाणचा अभ्यास करून दाखवलं की नाही संपवत, पण कधी? वापरणाऱ्यांनीच नियम केले असतील, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच असेल, अन् चुकलं तर आधी छोटा दंड, मग मोठा. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना. आमच्या म्हाताऱ्यांना नुसती दगडावरची सावली मिळाली होती.

तेरणाकाठ, बैलाचं औत बांधाजवळ वळवताना बैलच अडतो. ट्रॅक्टर एका वळणात फूटभर कापतो, अन् चालवणारा भाड्याचा, त्याला आबा कोण अन् आजी कोण? ट्रॅक्टर कधी घेतला त्यांनी?

तेरणाकाठ

सोयाबीनवाला, २०११ ला. तुमचं पोस्ट वाचून भावाला जुन्या नोंदी काढायला लावल्या. नऊतले साडेसहा फूट त्यानंतरचेच असावेत. पण उरलेले अडीच फूट बैलाचे आहेत.

अर्ज भरला शेवटी. मोजणी परवा झाली. आबांना नोटीस गेली तेव्हापासून त्यांच्या घरातनं बोलणं बंद होतं. मोजणीवाले आले, मशीन लावलं, आबा लिंबाखाली टोपी मांडीवर घेऊन बसलेले. अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हातांकडं बघवत नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नीट आलीच नाहीत परत.

दगड पुरले. आठ फूट चार इंच निघालं. आबांनी पंचनाम्यावर सही केली नाही, सुनेनं केली. मग उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं आता शिव्या देणार. म्हणाले, "बाभळीखाली तुझ्या आजीनं मला शिदोरी द्यायची कित्येक बार. बाभूळ तिकडं गेली, बरं झालं." अन् गेले. मी दिवसभर ह्याचा अर्थ लावायलोय.

संध्याकाळी त्यांच्याकडनं तांब्याभर ताक आलं. आईनं तांब्या रिकामा पाठवू नये म्हणून शेंगदाणे घातले.

निळीशाई

विचारलंत का?

तेरणाकाठ

नाही. बांधावर उभं असताना तोंडापर्यंत आलं होतं. मागं गेलं.

कोयता नंबर सात

मोजणीला किती दिवस लागले? नोटीस शेजाऱ्याला आपण द्यायची का ऑफिस देतं? आमचाही एक बांध आहे.

तेरणाकाठ

ऑफिसच देतं. कागद कुठले लागतात ते तुम्हाला वेगळं कळवतो.

आज सकाळी रानात गेलो होतो. तिसरा दगड तिरका झालाय. डुकरानं उकरला असंल.

पाणीपाळी

डुक्कर मुळात कसं, त्याचा वेगळा धागा काढा.

तेरणाकाठ

सरळ करून माती दाबून आलो. दुपारी आबा तिथंच शेळ्या घेऊन उभे होते, हात केला त्यांनी. मीपण केला.